डालगं घालू नये

आप्पा, वर्षभर मला एक कोडं पडलं होतं, ते आज सकाळी सुटलं. सुटल्याबरोबर कुणाला सांगावंसं वाटलं, तर तुम्हालाच. आणि तुम्ही तर सतरा दिवसांपूर्वीच निघून गेलात. तरी सांगते. नाहीतरी आपल्या दोघांत बोलायचे मीच, "मॅडम, मधी श्वास बी घेत जावा," असं तुम्ही म्हणेपर्यंत.

कोडं असं होतं: ज्या दिवशी मी माती खाल्ली, त्या दिवशी चकलांब्याहून तक्रार का आली नाही?

उत्तर सांगते, पण आधी वहीचं. चार दिवसांपूर्वी तुमच्या तेराव्याला घरी आले होते. जेवणं उरकल्यावर काकूंनी मला आत बोलावलं आणि कापडी पिशवीतून वही काढून हातात दिली. म्हणाल्या, "ही तुला द्याची म्हनलेते. मला त्यातलं कायबी कळत न्हाई. ढोरांचं रजिस्टर दिसतंय."

ढोरांचंच रजिस्टर ते. आपल्या संस्थेच्या जनावरांच्या दवाखान्यांत कॉम्प्युटर यायच्या आधी जे केसपेपर रजिस्टर असायचं, त्यातलं एक कोरं तुम्ही उचललेलं. पानापानावर तीन रकाने छापलेले: जनावराचा प्रकार, लक्षणे, उपचार. 'प्रकार'खाली तुमच्या गोल गोल अक्षरात 'इन्स्टॉल', 'पॅच', 'रीबूट'. समोर लक्षण, त्याच्या समोर उपचार. बोलताना तुम्ही अस्सल चकलांब्याचे, पण वहीत मात्र शाळेतल्या गुरुजींना दाखवायचं असावं तसं शुद्ध लिहायचात. ते कशासाठी, हे विचारायचं राहूनच गेलं.

तुम्ही संस्थेत लागलात पट्टीबंधक म्हणून. बैलाच्या खांद्याची जखम धुवायची, औषध भरायचं, पट्टी बांधायची. घर मेंढपाळाचं, त्यामुळे जनावराचं दुखणं तुम्हाला हातालाच कळायचं. पुढे एकोणीस दवाखान्यांत एकोणीस कॉम्प्युटर आले. कानातल्या बिल्ल्याच्या नंबरावर जनावराचं वय, विणं, लस, सगळं त्यात भरायचं. आणि मशीन अडून बसलं की बघायला कुणी नाही. मग तुम्हीच बघायला लागलात. मी आले ती त्यानंतर सात-आठ वर्षांनी, डिग्री घेऊन, सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर अशी पाटी लावून. धारूरची, पुण्यात शिकलेली आणि तोंडाची फटकळ. गेवराईच्या ऑफिसात पहिल्या दिवशी तुम्ही मला चहा दिलात आणि आठवडाभर काहीच काम दिलं नाहीत.

वहीतलं पहिलंच पान वाचलं आणि मला शंका आली. 'इन्स्टॉल. लक्षणे: नवी म्हैस गोठ्यात येणे. पहिले आठ दिवस कुणाचेच ऐकत नाही. उपचार: अंगावरून हात फिरवावा. लगेच धार काढायला बसू नये.' आप्पा, हे तुम्ही सॉफ्टवेअरबद्दल लिहिलंय की माझ्याबद्दल? मी यायच्या आधी लिहिलंत की नंतर? शाईवरून काही पत्ता लागत नाही. मी उजेडात धरूनसुद्धा बघितलं.

पण एक कबूल करते. एका सॉफ्टवेअरला चालायला दुसरं सॉफ्टवेअर आधी असावं लागतं, याला आमच्या भाषेत डिपेंडन्सी म्हणतात, आणि ते मला कॉलेजात दोन तास शिकवलं होतं. तुम्ही एका ओळीत संपवलंत: 'गाय आणण्याआधी खुंटा, दावे, वैरण, पाणी. गाय आधी आली तर ती शेजाऱ्याच्या ज्वारीत जाते.' रीबूटपुढे लिहिलंत: 'आजारी जनावर उठून उभे राहिले म्हणजे बरे झाले असे नाही. उपचार: वैरण खाल्ली का ते बघून मग घरी जावे.' मी त्याआधी मशीन चालू झालं की लॅपटॉप मिटून मोकळी व्हायचे. तुमच्यामुळे थांबायला लागले, एखादी नोंद भरून बघायला लागले. हे तुम्हाला कधी तोंडावर बोलले नाही. तुम्ही चढून बसला असतात.

आणि पॅच. पॅच म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये बाहेरच्या चोराला शिरता येईल असं भोक सापडलं की तेवढंच बुजवणारा तुकडा. तुम्ही लिहिलंत: 'कुंपणाला भगदाड पडणे. सगळे कुंपण नवे घालत नाहीत, बाभळीची फांदी तेवढ्यापुरती लावतात. पण भगदाड पडले अशी दवंडी पिटली की ती लांडग्यालाही ऐकू येते. उपचार: आजच लावावी.' हे वाक्य मी माझ्या बाजूचा पुरावा म्हणून तुमच्यासमोर किती वेळा नाचवलं असेन! कारण भांडण आपलं तिथंच होतं.

मी म्हणायचे, आजच लावायची तर ऑफिसात बसून एका दमात एकोणीसही मशीनवर लावू. समोरच्याला काही विचारायला नको, खिडकी उघडायला नको, आतल्या आत काम होऊन जाईल. त्याला सायलेंट इन्स्टॉल म्हणतात आणि सगळं जग ते करतं. तुम्ही मात्र आधी चकलांब्याच्या एका मशीनवर लावणार, दोन दिवस बघणार, मग बाकीच्या अठरांना एकेक फोन करून "आज करू का?" म्हणून विचारणार. या सगळ्याला नऊ दिवस जायचे. तुमचे वडील म्हणे गोदावरीच्या पात्रात नवा उतार दिसला की सगळी मेंढरं घालायचे नाहीत, आधी एक जाणती शेळी सोडायचे. ती पलीकडे जाऊन अंग झाडून उभी राहिली की मग कळप.

"आप्पा, नऊ दिवसांत लांडगा चार वेळा येऊन जाईल," मी म्हणायचे.

"येऊ द्या की. पन आपुन फांदी ठोकताना ढोरं कुटं हायत ते बगाल का न्हाई? अंगावर ठोकताव का?"

"कुणाच्या अंगावर ठोकतेय मी? कावून असं बोलता?"

"तेच तर. तुमाला दिसत न्हाई हितून."

यापुढे आपलं भांडण कधी सरकलंच नाही. चहा यायचा आणि आपण तो भांडण तसंच ठेवून प्यायचो.

तुमच्या उपमांनी घोटाळा केला नाही असंही नाही हं. डालग्याची गोष्ट मी अजून माहेरी सांगते. अपडेट चालू असताना मशीन बंद करायचं नसतं, हे कुणीच ऐकेना, तेव्हा तुम्ही सगळ्यांना सांगितलंत की मशीन आता खुडूक कोंबडीसारखं अंड्यावर बसलंय, त्याला हलवायचं नाही, उठवायचं नाही. चकलांब्याच्या सुभद्राबाई, दवाखान्याच्या मदतनीस, पन्नाशीच्या, कॉम्प्युटर त्याच सांभाळतात. त्यांनी ते मनावर घेतलं. घरून डालगं आणलं, आपण कोंबड्या झाकतो ते. ते मशीनवर पालथं घातलं आणि मांजर जाऊ नये म्हणून वरून पोतं टाकलं. मे महिना. मशीन आत तापून तापून अर्ध्या अपडेटवरच बंद पडलं, ते परत उठेना. तुम्ही मोटरसायकलवर गेलात आणि मागे मशीन आणि डालगं दोन्ही बांधून घेऊन आलात, पुरावा म्हणून. मी दोन दिवस हसत होते. तुम्ही मात्र गंभीरपणे वही काढली आणि 'उपचार'मध्ये लाल शाईने भर घातलीत: 'डालगे घालू नये.'

"बघा," मी म्हणाले, "शब्द जसा आहे तसा सांगावा. उपमा कशाला?"

"तुमचा शब्द इंग्रजीत पडद्यावर लिवलेलाच हुता की. त्यानं कोन थांबलंतं? हिनं निदान राखन तरी केली."

खरं होतं ते. त्यानंतर चकलांब्यात अपडेटच्या मधे मशीन कुणी बंद केलं नाही, आजतागायत.

आता माझी गोष्ट. गेल्या वर्षी पहिल्यांदा तुमच्या छातीत दुखलं आणि तुम्ही बीडला दवाखान्यात होतात. माणसांच्या, असं तुम्हीच हसत सांगितलंत. त्याच आठवड्यात तातडीचा पॅच आला. भोक मोठं होतं आणि दवंडी सगळ्या जगात पिटली गेली होती. मला भीती वाटली हे खरं. पण तेवढंच खरं नाही. मला हेही वाटलं की आता आप्पा नाहीत, आता एकदा माझ्या पद्धतीने करून बघू. सकाळी सहाला ऑफिसात जाऊन मी एकोणीसही मशीनना हुकूम सोडला: चालू होशील तेव्हा पॅच घे आणि लागेल तेव्हा स्वतःच बंद होऊन चालू हो. कुणालाही फोन केला नाही. दुपारपर्यंत एकोणीस झाली. मशीन स्वतःच्या नोंदी ठेवतं त्या लॉगमध्ये एवढंच दिसलं की चकलांब्याचं मशीन सव्वानऊला मधेच बंद झालं आणि पावणेअकराला वर आलं. जुनं मशीन, वेळ लागला असेल, म्हणून मी सोडून दिलं. फार खूश होते मी. नऊ दिवसांचं काम सहा तासांत.

पुढच्या आठवड्यात लसीकरण शिबिरांची यादी हातात आली तेव्हा तारीख जुळवून बघितली. त्या दिवशी, त्याच वेळी चकलांब्यात मेंढरांना आंत्रविषाराची लस होती. म्हणजे अंगणात तीन कळप उभे, सुई चालू, सुभद्राबाई बिल्ले बघून नोंदी घालताहेत, आणि मशीन काही न सांगता बंद. सेव्ह न झालेल्या नोंदी गेल्या. कुठल्या मेंढराला टोचलं, कुठल्याला नाही, कसं कळलं असेल त्यांना? एखादं लशीवाचून राहिलं आणि मेलं असेल तर? मी तक्रारीची वाट बघत बसले. तक्रार आली नाही. आणि प्रत्येक गोष्टीत 'कावून' विचारणारी मी, एवढं एकच विचारलं नाही.

तीन आठवड्यांनी तुम्ही कामावर आलात. गालफडं बसलेली, सदरा सैल झालेला. खुर्चीत बसता बसता म्हणालात, "त्यो मोटा पॅच आलता म्हनं. समद्यास्नी इचारून केला न्हवं?"

मी म्हणाले, "हो."

"बरं," तुम्ही म्हणालात. चहा प्यायलात. मग ड्रॉवरमधून वही काढलीत आणि 'प्रकार'च्या रकान्यात सावकाश लिहिलंत: 'सायलेंट इन्स्टॉल'. पुढचे दोन्ही रकाने कोरे. मी वाकून बघत होते.

"हे कावून कोरं सोडलं?"

"मला ठाव न्हाई ह्याचं. ज्याला ठाव आसंल त्यो लिवील."

मला कीव आली तुमची. मी लगेच तुम्हाला समजावून सांगायला लागले, की ते कसं चालतं, हुकूम कसा जातो. तुम्ही ऐकून घेतलंत आणि वही मिटलीत. एक वर्ष आपण समोरासमोर बसलो आणि तो रकाना तुमच्या ड्रॉवरमध्ये कोराच राहिला.

आता पुन्हा पॅच आलाय. परवा आला. मी वही पिशवीत टाकून आज सकाळी चकलांब्याला आले, जाणती शेळी म्हणून आधी इथलंच मशीन. सुभद्राबाईंनी चहा टाकला, पदराने खुर्ची पुसली आणि आपणहूनच बोलायला लागल्या.

"ह्या बारीला तुमी सोता आलाव, बरं झालं. मागं ते मेंढरांच्या दिशी बंद पडलंतं न्हाई का, लई तारांबळ झालती."

मी कप खाली ठेवला. "मग तुम्ही ऑफिसला फोन का नाही केला, बाई?"

"केलता की. आप्पांना केलता. मला काय ठाव ते दवाखान्यात हायत. त्यांनी पडल्या पडल्या समदं सांगितलं. आता हितून पुढं टोचलेल्या मेंढराला गेरूचा टिळा लावा म्हनले, मशीन उठंल तवा उठंल. आन् आदीची साठ-सत्तर हुती ती मेंढरंवाल्या बिरूमामांनी तोंड बगून बाजूला काडली. त्यास्नी आपलं मेंढरू वळखाया बिल्ला थोडाच लागतोय."

"आणि माझ्याबद्दल काही बोलले?"

"बोलले की. म्हनले, पोरीचं कायबी चुकलं न्हाई. मीच सांगितलंतं तिला घाईनं कर म्हनून, तुमाला इचारायचं माज्याकडनं राह्यलं. तिला कुनी कायबी म्हनू नका." मग कप उचलता उचलता म्हणाल्या, "समद्या दवाखान्यांत फोन केलते त्यांनी. आमी एकमेकीला इचारतोच की."

अठरा ठिकाणी काही झालंही नव्हतं, आप्पा. तरी छातीला तारा लावलेल्या असताना पडल्या पडल्या तुम्ही अठरा फोन केलेत. मला न विचारता, मला न सांगता.

मी उठून मागे गेले. तिथे जनावरांच्या पाण्याचा हौद आहे, त्याच्या कठड्यावर बसून रडले. सुभद्राबाईंनी बघून न बघितल्यासारखं केलं. तुम्ही गेल्यापासून मी नीट रडले नव्हते. तेराव्यालाही वाढपात होते. मला तुमचा राग आला आणि तुमची इतकी आठवण आली की दोन्ही वेगळं काढता येईना. म्हणजे "इचारून केला न्हवं?" असं विचारलंत तेव्हा तुम्हाला सगळं माहीत होतं. मी 'हो' म्हणाले ते खोटं होतं, हे माहीत असताना तुम्ही चहा प्यायलात.

का? आता हे नवं कोडं घालून गेलात तुम्ही. मी आपणहून सांगेन म्हणून वाट बघत होतात का? की पोरगी लाजेल म्हणून सोडून दिलंत? की भांडणात जिंकायचं नव्हतं तुम्हाला? वहीत लॉगपुढे लिहिलंय: 'यंत्राची रोजनिशी. खोटे लिहीत नाही आणि विचारल्याशिवाय बोलत नाही. उपचार: सवडीने वाचावी, रागात वाचू नये.' रागात वाचला नाहीत हे कळलं. पण आप्पा, एकदा रागावला असतात तर मी तिथल्या तिथे सांगून मोकळी झाले असते. वर्षभर मी तुमच्यासमोर बसून सुभद्राबाईंच्या तक्रारीला घाबरत होते, आणि ती तक्रार तुमच्याच खिशात होती.

तुमचं सगळंच बरोबर होतं असं मात्र मी म्हणणार नाही. नऊ दिवस फारच होतात. माझी भीती खोटी नव्हती, आणि हा पॅचही मी नऊ दिवस लांबवणार नाही. सकाळी निघायच्या आधी एकोणीसही मशीनकडे इंटरनेटवरून येणारी बाहेरची वाट मी तात्पुरती अडवून आले आहे. त्यासाठी कुणाला विचारलं नाही, कारण आतलं काम त्याने अडत नाही. भांडायचं असेल तर भांडा.

डोळे पुसून आत आले आणि सुभद्राबाईंना विचारलं, "बाई, आज अपडेट टाकू का?"

त्यांनी दारातून बाहेर बघितलं. "आत्ता न्हाई. आज शेळ्या हायत. दोन वाजंपतोर लागंल. मग टाका."

"थांबते," मी म्हणाले.

त्यांनी बाक सरकवून सावलीत दिला. त्यावर बसून वही उघडली आणि तुम्ही सोडलेले दोन रकाने भरलेत. अक्षर तुमच्याइतकं गोल नाही, चालवून घ्या.

'लक्षणे: समोरच्याला न विचारता केलेले असते. नंतर कुणी विचारले तर खोटे बोलावे लागते.'

'उपचार: विचारावे. आत्ता नको म्हणाले तर तोवर भगदाडापाशी आपण बसावे.'

बाहेर साठेक शेळ्या उरल्यात. गेरूची वाटी सुभद्राबाईंनी खिडकीत ठेवलीय, त्या आता ती रोजच ठेवतात म्हणे. मांडीवर लॅपटॉपमध्ये लॉग उघडा आहे, लांडग्याची चाहूल नाही. साडेबारा झालेत, आप्पा. मी बसलेय.